नवस तिचा, युक्ती त्याची

वेरूळच्या कैलास लेण्याची एक जन्मकथा कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त आली आहे. राजाला असाध्य रोग जडतो. राणी माणिकावती घृष्णेश्वराला नवस बोलते: राजा बरा झाला तर शिवाचं देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर डोळ्यांनी पाहीपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा बरा होतो आणि पेच पडतो. देऊळ पायापासून शिखरापर्यंत चढवायचं म्हणजे कित्येक महिने लागणार, तोवर राणी जगायची कशी? दरबारातले सगळे कारागीर हात टेकतात. मग पैठणचा कोकस पुढे येतो आणि आठवड्याभरात शिखर दाखवतो म्हणतो. तो डोंगराच्या माथ्यावर चढतो, वरून खाली कोरायला लागतो, शिखर आधी मोकळं करतो आणि राणी उपास सोडते. गोष्ट लिहिली गेली तेव्हा कैलास कोरून सातशे वर्षं उलटली होती, त्यामुळे राजाराणीच्या नावांवर इतिहास म्हणून विसंबता येत नाही. पण तिच्यातला तांत्रिक भाग अचूक आहे. कैलास खरोखरच वरून खाली कोरलेला आहे. आधी डोंगरात तीन बाजूंनी खोल चर मारून मधला प्रचंड खडक सुटा केला आणि माथ्यापासून कोरत सुमारे शंभर फूट खाली आले. अशा कामात चुकलेला दगड बदलता येत नाही, म्हणजे आराखडा पहिल्या छिन्नीच्या आधीच पक्का लागतो. लोककथेनं हे तंत्र बिनचूक लक्षात ठेवलं, आणि ते ठेवताना श्रेयाची वाटणीही करून टाकली. नवस राणीचा, युक्ती कोकसाची.

ही वाटणी इतकी सवयीची आहे की ती खटकतही नाही. कथा नीट पाहिली तर वरून खाली कोरण्याची कल्पना सुचते ती राणीच्या अटीमुळेच. शिखर आधी दिसलं पाहिजे ही अट तिची, मुदतही तिचीच. आजच्या कुठल्याही प्रकल्पात गरज आणि मुदत ठरवणाऱ्या माणसाला काम करवून घेणारा म्हणतात आणि त्याचं नाव पाटीवर पहिलं येतं. इथे मात्र राणीच्या वाट्याला उपास आला. दुसरीकडे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याला कैलासाचं श्रेय मिळतं ते कर्क सुवर्णवर्षाच्या बडोदे ताम्रपटामुळे. इ.स. 812-13 च्या या ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, देवळाचं वर्णन आहे. ते घडवणारा शिल्पीही, आपल्या हातून हे झालं कसं, म्हणून चकित झाला असं त्यात म्हटलं आहे. शिल्प्याचं नाव नाही, राजाचं आहे. राजानं छिन्नी धरली नव्हती म्हणून त्याचं श्रेय कोणी काढून घेत नाही. हाच न्याय वेरूळच्या पुढच्या इतिहासातल्या दोन बायकांना लावला तर काय दिसतं, एवढंच या लेखात तपासायचं आहे. त्या दोघी म्हणजे गौतमाबाई होळकर आणि त्यांची सून अहिल्याबाई. मला दिसतं ते असं: दोघींनी त्या काळच्या पुरुषी तांत्रिक क्षेत्रांत, म्हणजे बांधकामात, पाण्याच्या कामात आणि अहिल्याबाईंच्या बाबतीत तोफखान्यातही, प्रत्यक्ष कारभार केला. आपण तो कारभार भक्तीच्या खात्यावर मांडला आणि तिथेच त्यातलं कौशल्य नजरेआड झालं.

लेण्यांपासून जवळच असलेल्या घृष्णेश्वराला मराठी घराण्यांनी दोनदा हात दिला. आधी वेरूळचे मालोजीराजे भोसले यांनी देवळाचा उद्धार केला. आज उभं आहे ते मंदिर अठराव्या शतकातलं, गौतमाबाईंनी बांधवलेलं. जवळचं शिवालय तीर्थ अहिल्याबाईंचं. गौतमाबाई तळोद्याच्या बारगळांची मुलगी, नवरा मल्हारराव होळकर यांच्या मामाची. मल्हारराव वर्षातले आठ महिने मोहिमेवर, त्यामुळे घरचा कारभार त्या पाहत. पण त्यांच्या बांधकामांचा पाया घालणारी गोष्ट वेगळी आहे. 1734 मध्ये मल्हाररावांनी पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावानं स्वतंत्र जहागीर करून घेतली. तिचं उत्पन्न तीन लाखांच्या घरात होतं. हीच होळकरांची खासगी. दौलतीचा पैसा लष्कर, सरंजाम आणि पेशव्यांच्या देण्यांकडे जायचा. खासगीचा हिशेब निराळा आणि तिची मालकीण घरातली बाई. गौतमाबाई 1761 मध्ये वारल्या आणि खासगी अहिल्याबाईंकडे आली. सासूकडून सुनेकडे गेलेली ही जहागीर नसती तर पुढचे घाट, बारवा आणि देवळं यांतलं किती उभं राहिलं असतं याची शंकाच आहे. बाईच्या कर्तबगारीवर लिहिताना आपण स्वभाव, संस्कार, धैर्य यांवर पानंच्या पानं खर्च करतो. तिच्या हातात कोणाला न विचारता खर्चता येईल असा पैसा होता का, हा प्रश्न मात्र क्वचित विचारतो. होळकरांच्या घरात याचं उत्तर होय असं होतं, आणि ते कागदावर होतं.

घृष्णेश्वराचं देऊळ तांबूस दगडाचं आहे. भिंतींवर आणि शिखराच्या खालच्या भागावर दगडी कोरीवकाम आहे, दशावतारांचे पट्टे आहेत. शिखर वर जाताना मात्र वीट आणि चुन्याच्या गिलाव्याचं होतं. पाहणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही, पण बांधकामाच्या दृष्टीनं हा मोठा निर्णय आहे. घडीव दगड जितका उंच चढवाल तितकं पहाड मोठं बांधावं लागतं, माणसं जास्त लागतात आणि खालच्या भिंतींवरचा भार वाढतो. विटेचा माथा हलका होतो, स्वस्त पडतो आणि लवकर उठतो. त्याची किंमत पुढे मोजावी लागते, कारण गिलावा दर काही पावसाळ्यांनी दुरुस्त करावा लागतो आणि दगडाला ती कटकट नसते. म्हणजे आजचा खर्च वाचवून उद्याची देखभाल अंगावर घेण्याचा हा सौदा आहे. असा सौदा स्थपती एकटा करत नाही, पैसा देणाऱ्याची संमती लागते, आणि पैसा देणारी बाई होती. या सगळ्याला चुना लागतो. तो भाजायचा, विरवायचा आणि दगडी चाकाच्या घाणीत बैल फिरवून मळायचा. घाणी थांबली की गवंडी बसून राहतो आणि रोज मात्र चालू राहतो. खडी, सरपण, पाणी, बैल, मजुरी यांचा मेळ बसवणं हेच बांधकामाचं निम्मं शास्त्र.

शिवालय तीर्थ तर त्याहून अवघड काम. चौकोनी कुंड, चारी बाजूंनी पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, आणि उतरताना मधल्या टप्प्यावर लहान लहान आठ देवळ्या. भाविक तिथे तीर्थ पाहतो. अभियंता पाहील ते मातीचा दाब अडवून धरणारं बांधकाम. एवढा खोल खड्डा सरळ भिंतीनं राखायचा तर भिंत फार जाड लागते, आणि पावसाळ्यात मागची माती भिजून फुगली की तीही ढासळते. पायऱ्यांनी तोच दाब टप्प्याटप्प्यानं वाटला जातो. शिवाय पाणी कितीही खाली गेलं तरी माणूस त्याच्यापर्यंत पोचतो. वेरूळच्या काळ्या पाषाणाचा स्वभावही इथे समजून घ्यावा लागतो. हा कठीण कातळ स्वतः पाणी धरत नाही. पाणी राहतं ते त्याच्या सांध्यांत, भेगांत आणि दोन थरांमधल्या मऊ, झिजलेल्या पट्ट्यांत. कुंडाची जागा चार हात चुकली तर सुंदर पायऱ्यांचा कोरडा खड्डा हाती लागतो. मराठवाड्यात अशा फसलेल्या विहिरी गावोगाव आहेत. शिवालय तीर्थाची जागा अहिल्याबाईंनी स्वतः शोधली असा माझा दावा नाही. ती पाणाड्यानं दाखवली असेल, गवंड्यानं आखली असेल. पण सोमनाथपासून गयेपर्यंत ज्या कारभारातून घाट, विहिरी, कुंडं आणि धर्मशाळा बांधल्या गेल्या, त्यात कोणता माणूस कुठे नेमायचा, कोणाचं काम नीट झालं आणि कोणाचा हिशेब तपासायचा, हे ठरवणारी व्यक्ती एकच होती. एक देऊळ श्रद्धेच्या बळावर उभं राहू शकतं. इतक्या दूरदूरच्या ठिकाणी तीसेक वर्षं सातत्यानं कामं होत राहिली तर तिथे यंत्रणा असते, आणि ती कोणीतरी चालवत असतं.

ही यंत्रणा चालवण्याचं शिक्षण त्यांना मिळालं कुठे? देवळात तर नक्कीच नाही. सगळ्यात ठोस पुरावा 1765 चा आहे आणि तो तोफांबद्दल आहे. त्या वर्षी मल्हारराव उत्तरेत होते. त्यांनी सुनेला लिहिलेल्या एका पत्रातल्या सूचना अशा: चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा. तिथे चार-पाच दिवस मुक्काम कर. मोठा तोफखाना तिथे ठेव, त्याच्या दारूगोळ्याची होईल तेवढी तजवीज कर, महिनाभराच्या खर्चाची सोय लाव, आणि मग पुढे नीघ. वाटेत रस्त्याच्या रखवालीला चौक्या बसव. पत्रात कुठेही ‘जमेल का’ असा सूर नाही. हे काम करून चुकलेल्या माणसाला द्यावेत तसे हे हुकूम आहेत. अठराव्या शतकात तोफखाना हे सगळ्यात पुढारलेलं आणि सगळ्यात खर्चिक तंत्र होतं. मोठी तोफ ओढायला बैलांच्या कित्येक जोड्या लागत, नदीच्या उतारावर ती अडकली की सगळं लष्कर अडकायचं. गोळा तोफेच्या तोंडाच्या मापाचा लागतो, दारूत सोरा, गंधक आणि कोळसा यांचं प्रमाण जमावं लागतं, आणि पावसात दारू भिजली की तोफ म्हणजे नुसतं धातूचं ओझं. जड तोफा मागे ठेवून पुढे जा, या एका सूचनेत वेग आणि मारा यांचा हिशेब आहे. तो समजणाऱ्या माणसालाच हे असं दोन ओळींत सांगता येतं.

या पत्राचा काळही ध्यानात घ्यायला हवा. पानिपताला चारच वर्षं झाली होती. तिथे इब्राहिमखान गारद्याच्या तोफांभोवती लढाई रचण्यावरून मराठ्यांत वाद झाला होता आणि गनिमी काव्यात मुरलेल्या मल्हाररावांचा त्या जड लवाजम्याला विरोध होता. तोच म्हातारा सरदार आता आपला जड तोफखाना सुनेच्या हवाली करतो. त्या सुनेचा नवरा खंडेराव 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात किल्ल्यावरून आलेल्या गोळ्यानं मारला गेला होता. विधवा सुनेला त्या काळच्या रीतीनं कोपऱ्यात बसवणं सोपं होतं. मल्हाररावांनी तसं केलं नाही यात मायेचा भाग असेलच. पण माणसांचा तुटवडा हे कारणही तितकंच खरं मानलं पाहिजे. एकुलता एक मुलगा गेलेला, नातू कच्चा, आणि भरवशाचं असं घरात उरलं होतं ते हेच माणूस. बायकांसाठी तांत्रिक कामाची दारं अनेकदा अशा नडीतूनच किलकिली झाली आहेत. नड नसली की दार बंदच असतं. 1974 मध्ये पुण्याच्या टेल्कोनं अभियंत्यांसाठी काढलेल्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं सरळ छापलेलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून त्याचा जाब विचारला तेव्हा कुठे त्यांना मुलाखतीचं बोलावणं आलं. चौंडीच्या पाटलाच्या मुलीला, म्हणजे अहिल्याबाईंना, तोफखाना मिळाला त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षांनी ही जाहिरात छापली गेली.

1766 च्या मे महिन्यात मल्हारराव गेले, पुढच्या वर्षी अहिल्याबाईंचा मुलगा मालेरावही गेला, आणि जे अपेक्षित होतं ते झालं. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यानं दत्तक घ्यावा असा आग्रह धरला. म्हणजे नावाला मूल आणि कारभाराला दिवाण. रघुनाथराव फौजेनिशी त्याच्या पाठीशी उभे राहिले. या प्रसंगाभोवती पुष्कळ आख्यायिका जमल्या आहेत, बायकांची फौज उभारल्याची तर फारच लोकप्रिय आहे. त्या बाजूला ठेवल्या तरी निकाल स्पष्ट आहे. माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंचा हक्क मान्य केला, लष्कराचं काम तुकोजी होळकरांकडे गेलं आणि मुलकी कारभार अहिल्याबाईंकडे राहिला. आक्षेप घेणाऱ्यांना त्यांच्या कामात एखादी चूक सापडली होती असं कुठे दिसत नाही. बाई दौलत कशी सांभाळणार, एवढाच मुद्दा होता. दोनच वर्षांपूर्वी तिनं चंबळेपलीकडे तोफा नेल्या होत्या याचा त्या वादात काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो पेशव्यांच्या मान्यतेचा आणि खासगीसकट हाती असलेल्या पैशाचा.

आता पहिला आक्षेप. पैसा दिला म्हणजे तंत्र जाणलं असं होतं का? होत नाही. पण हा आक्षेप घेणारा शहाजहानचा ताज म्हणताना अडखळत नाही, कृष्णराजाचा कैलास म्हणताना तर नाहीच नाही. राजाच्या बाबतीत काम करवून घेणं ही कर्तबगारी ठरते आणि राणीच्या बाबतीत दानधर्म. माझं म्हणणं एवढंच की दोघांना एक माप लावा. ते माप कडक लावायचं असेल, म्हणजे ज्यानं प्रत्यक्ष आराखडा केला त्यालाच श्रेय द्यायचं असेल, तर कृष्णराजाचंही नाव खोडा आणि त्या अनाम शिल्प्याला बसवा. सैल लावायचं असेल तर गौतमाबाई आणि अहिल्याबाईंना बांधकाम करवणाऱ्यांच्या रांगेत घ्या. आणि पुराव्याचंच बोलायचं तर अहिल्याबाईंचं पारडं जड आहे. कृष्णराजानं कैलासाच्या कामात कोणता निर्णय घेतला हे सांगणारं त्याचं एकही पत्र उपलब्ध नाही, तोफखान्याबद्दल अहिल्याबाईंना गेलेलं पत्र आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि तो इतिहासाच्या अभ्यासकांकडून येतो. तंत्राची इतकी जाण होती तर त्या काळातला सगळ्यात मोठा तांत्रिक बदल त्यांच्या हातून कसा निसटला? महादजी शिंद्यांनी युरोपियन सेनानी द बॉयनकडून कवायती पलटणी आणि नव्या धर्तीचा तोफखाना उभारून घेतला. होळकरांनी ड्युड्रेनेक या तशाच युरोपियन सेनानीच्या हाताखाली अशा पलटणी उभ्या केल्या तेव्हा फार उशीर झाला होता. 1793 मध्ये लाखेरीला शिंदे-होळकरांची गाठ पडली आणि त्या पलटणी द बॉयनपुढे धुळीला मिळाल्या. तोवर इकडे घाट आणि देवळं बांधली जात होती. या आक्षेपात तथ्य आहे. कवायती फौजेचं महत्त्व इंदूर-महेश्वरला उशिरा पटलं हे मान्य करायला हवं. तरी दोन गोष्टी विसरून चालणार नाही. देवळांचा पैसा खासगीचा होता आणि फौजेचा दौलतीचा. दोन्ही एकाच थैलीतून निघत होते असं गृहीत धरून ‘देवळांऐवजी तोफा’ असा हिशेब मांडणं चुकीचं आहे. आणि लष्कर तुकोजींकडे होतं. पैसा एकाकडे आणि पलटणी दुसऱ्याकडे, त्यात दोघांचं पैशावरून सतत बिनसलेलं, अशा अवस्थेत उशिराचं सगळं खापर एकीवर फुटावं हे काही न्यायाचं नाही. 1767 च्या तोडग्यानं बाईला रणांगणापासून दूर ठेवलं होतं. रणांगणावर काय बदलतंय हे तिला उशिरा कळलं, तर त्या तोडग्याकडेही बोट दाखवावं लागेल.

ही सगळी तांत्रिक बाजू मागे पडून भक्तीची बाजू पुढे कशी आली? यात इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याचा वाटा मोठा आहे. 1817 च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांच्या तोफांनी इंग्रजांची मोठी हानी केली, तरी लढाई इंग्रजांनी जिंकली. पुढच्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला. तो घडवणारा माल्कमच. या तहानं सातपुड्याच्या दक्षिणेकडचा होळकरांचा मुलूख गेला आणि वेरूळही सुटलं, ते नंतर निजामाकडे गेलं. त्याच माल्कमनं 1823 मध्ये मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात अहिल्याबाईंचं अत्यंत आदरानं चित्र रेखाटलं. साधी राहणी, पूजाअर्चा, दानधर्म, रोज दरबारात बसून केलेला न्याय. हे चित्र खोटं नाही. पण ज्यांच्या तोफा नुकत्याच काढून घेतल्या त्या घराण्यातली थोर व्यक्ती म्हणून पूजा करणारी बाई पुढे आणणं हे जेत्याला सोयीचंही होतं. आपल्याकडच्या चरित्रकारांनी ते चित्र उचललं आणि त्यात भर घातली. हातात पिंड घेतलेल्या अहिल्याबाई आज गावोगावच्या चौकांत दिसतात. दारूगोळ्याची यादी तपासणाऱ्या अहिल्याबाई मी तरी कुठल्या पुतळ्यात पाहिल्या नाहीत.

हा काही केवळ आपल्याकडचा प्रकार नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग पाण्याखालच्या कामात जडलेल्या आजारानं अंथरुणाला खिळला. तेव्हा त्याची बायको एमिली हिनं गणित आणि पोलादी तारांचं शास्त्र शिकून घेतलं आणि दहाएक वर्षं जागेवरच्या अभियंत्यांशी कामाचं बोलणं केलं. 1883 मध्ये पूल खुला झाला, आणि पुढे बराच काळ तिची ओळख पतिसेवेचा आदर्श अशीच सांगितली गेली. मराठी उदाहरण त्याहून जवळचं. दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत कच्च्या फिल्मला भोकं पाडत, रसायनं मिसळत, फिल्म जोडत. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे हे काम होतं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते त्यांनी दागिने मोडले आणि कंपनीच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला हे. दोन्ही गोष्टी खऱ्याच, पण त्यांतली एकच सांगितली जाते. त्याग सांगितला की ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. कौशल्य सांगितलं तर त्याला विचारावं लागतं की मग हिला मजुरी किती मिळाली, आणि नाव कुठे आहे?

तिसरा आक्षेप स्वतः अहिल्याबाईच घेतील. त्यांचे हुकूम श्रीशंकराच्या आज्ञेनं निघत. राज्य शंकराचं, आपण कारभारी, ही त्यांची जाहीर भूमिका. जिनं स्वतःचं नाव मागे ठेवलं तिला आपण अडीचशे वर्षांनी पुढे ओढून तंत्रज्ञांच्या पंगतीला बसवायचं, हा आगाऊपणा नाही का? काही अभ्यासक म्हणतील की ती राजकीय चतुराई होती, शंकराच्या हुकमाला नाही म्हणायची कुणा सरदाराची छाती नव्हती. असेलही. पण श्रद्धेला निव्वळ डावपेच ठरवणं मला पटत नाही. त्यांचं अख्खं आयुष्य त्याच्या विरुद्ध साक्ष देतं. मात्र हेतू आणि हातोटी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. देवासाठी बांधलेल्या कुंडाच्या पायऱ्यांना मातीचा दाब तेवढाच सोसावा लागतो. ज्ञानेश्वर-एकनाथांची भक्ती मान्य करताना आपण त्यांची भाषेवरची हुकमत नाकारत नाही. तेच इथे करायचं आहे. विनयानं मागे ठेवलेलं नाव इतिहासानं मागेच ठेवावं असा काही नियम नाही.

चौथा आक्षेप असा की ही सगळी राजघराण्यातली गोष्ट, जहागीर असलेल्या बाईची, तिच्यावरून बायकांच्या कामाबद्दल काय सिद्ध होणार? याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, आणि ते नसण्याचं कारण पुराव्यातच आहे. वेरूळच्या देवळासाठी चुना मळला गेला, माती उपसली गेली, दगड वाहिला गेला. दगडकामातल्या आणि बेलदारीतल्या घरांत बाई पुरुषाच्या बरोबरीनं कामावर असे, आजही वडार वस्तीत हेच दिसतं. पण ज्या तीन गोष्टींमुळे अहिल्याबाईंचं काम आपल्यापर्यंत पोचलं, म्हणजे स्वतःच्या नावची जहागीर, हाताखाली घालून शिकवणारा वडीलधारा आणि टिकून राहिलेला कागद, त्यांतली एकही गोष्ट या बायकांजवळ नव्हती. ‘अकबरनामा’तल्या एका चित्रात फत्तेपूर सिक्रीचं बांधकाम चालू दाखवलं आहे. त्यात गवंडी आहेत, दगड फोडणारे आहेत, आणि त्यांच्यात काम करणाऱ्या बायकाही आहेत. म्हणजे सोळाव्या शतकातल्या दरबारी चितारीलाही त्या कामावर दिसल्या होत्या, आणि त्याला त्या चित्रातून वगळाव्याशा वाटल्या नाहीत. त्या पोथीतल्या चित्रांच्या कडेला चितारी मंडळींची नावं लिहिलेली आहेत. त्या बायकांची कुठेच नाहीत.